रोजचं डोकं दुखणं: गोळीआधी मान-खांदे मोकळे करा

दिवसभर वाकून खुरपणी किंवा कापूस वेचणी. संध्याकाळी घरी आलं की डोकं जड पडतं, कपाळाभोवती फडकं करकचून बांधल्यासारखं वाटतं. मग दुकानातून एक गोळी आणायची आणि झोपायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

याला ताणाची डोकेदुखी म्हणतात. डोकं दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं दुखतं, उलटी सहसा होत नाही. मान-खांद्याचे स्नायू आखडणं, अपुरी झोप आणि डोक्यातली काळजी ही नेहमीची कारणं.

‘शेतात एवढं राबतो, आणखी व्यायाम कशाला?’ असं अनेकजण म्हणतात. पण वाकून काम करताना मान तासन्‌तास एकाच स्थितीत राहते. स्नायू थकतात, मोकळे मात्र होत नाहीत. तासाभराने दोन मिनिटं उभं राहून एवढं करावं :

१) दोन्ही खांदे वर उचलून मागे गोल फिरवा, १० वेळा.
२) कान खांद्याकडे हळूच झुकवा, १५ ते २० सेकंद थांबा. दोन्ही बाजूंनी करा.
३) नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढा, ५ सेकंद धरा. १० वेळा.

झटका देऊ नये. दुखलं किंवा चक्कर आली तर थांबावं. सोबत आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चालावं. फरक एका दिवसात पडत नाही, काही आठवडे नेटाने करावं लागतं.

गोळ्यांचं मात्र जपून. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी घेत राहिलं, तर काही महिन्यांत त्या गोळीमुळेच डोकं दुखू लागतं. अशी सवय लागली असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं.

प्रत्येक डोकेदुखी ताणाची नसते. अचानक असह्य दुखणं, तापासोबत मान ताठणं, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं, बोबडी वळणं, डोक्याला मार लागणं, यात व्यायाम करत बसू नये. फवारणीनंतर डोकं दुखून मळमळ, घाम किंवा अंधुक दिसणं सुरू झालं, तर ती विषबाधा असू शकते. कपडे बदलून, अंग धुऊन औषधाच्या डब्यासह लगेच दवाखाना गाठावा किंवा १०८ ला फोन करावा.