इंजिनाखालचा काळा डाग

मैत्रिणींनो, सकाळी सडा टाकायला अंगणात गेलं की गाडीखाली काळा, चिकट डाग दिसतो ना? आपण तो राखेनं घासतो, नाही तर खाली पुठ्ठा सरकवून देतो. घरात विचारलं तर उत्तर ठरलेलं: "थोडं ऑइल गळतंय, बघू नंतर." हे "नंतर" किती महागात पडू शकतं, ते आज सांगते. इंजिनाची भाषा बायकांची नाही असं म्हणायचे दिवस गेले. गाडी दुरुस्तीचे पैसे शेवटी घरखर्चातूनच जातात.

आमची धंतोली म्हणजे दवाखान्यांची वस्ती. वर्धा, यवतमाळ, भंडारा, चंद्रपूर, सगळीकडून पेशंट इथे येतात. रुग्णांच्या नातेवाइकांना मदत करताना माझी उमरेडकडच्या एका ताईंशी ओळख झाली. नवऱ्याचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. पन्नासेक किलोमीटर येणं आणि तेवढंच जाणं, तेही मुलाच्या जुन्या मोटरसायकलवर. एसटीची गर्दी आणि तासन् तास उभं राहणं त्या पेशंटला झेपण्यासारखं नव्हतं. आणि नेमकी हीच गाडी ऑइल गळत होती. चार महिन्यांत तीनदा दुरुस्ती झाली, तरी गळती तशीच.

शेवटी इथल्या गल्लीतल्या एका वयस्क मिस्त्रीकाकांनी क्लचच्या बाजूचं कव्हर उघडलं. कडेला सिलिकॉनचे थरावर थर चढलेले! दरवेळी जुनं न काढताच वरून नवं लावलं होतं. काका म्हणाले, "जुनं काढल्याबिगर नवं कसं बसन हो ताई?" जुन्या, तेलकट सिलिकॉनला नवं धड चिकटत नाही, हे त्या गळतीमागचं साधं कारण होतं.

आता हे सिलिकॉन म्हणजे काय? स्वयंपाकघरात सिंकच्या कडेला ट्यूबमधून पांढरी पेस्ट भरतात, त्याच घराण्यातलं. उष्णता आणि पाणी सोसणारं हे रबर. 1969 साली चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांच्या बुटांचे तळ सिलिकॉन रबराचेच होते. ट्यूबमधली पेस्ट हवेतला ओलावा घेऊन घट्ट होते. पण सिंकची ट्यूब इंजिनाला लावू नका. जिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तिच्यातून जमताना ॲसिटिक ॲसिड निघतं आणि ते धातूला गंजवू शकतं. शिवाय ती गरम तेलात टिकेलच असं नाही. इंजिनासाठीची ट्यूब वेगळी मिळते.

यातला मोठा धोका गळतीचा नाहीच. कव्हर आवळलं की जास्तीचं सिलिकॉन आत दाबलं जातं. त्याचे तुकडे तुटून ऑइलमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. चहाच्या गाळणीत पत्ती साचली की धार बारीक होते, तसंच. वरच्या भागाला तेल पोचलं नाही तर इंजिन जाम होतं आणि खर्च एकदम अंगावर येतो. त्या ताईंच्या गाडीच्या जाळीत असे बारीक लाल तुकडे खरोखरच निघाले. अजून थोडे दिवस गाडी तशीच चालली असती, तर पेशंटसह मधल्या रस्त्यात बंद पडली असती.

काकांनी काम कसं केलं, ते मी बाजूला स्टुलावर बसून पाहिलं. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, ऑइल काढलं. बोल्ट लांब-आखूड असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून ज्याचा त्या जागी खोचून ठेवला. कव्हर निघेना, तेव्हा ताईंच्या मुलानं फटीत पेचकस घालायला घेतला, तर काकांनी हात धरला. रबरी हातोडीनं कडेकडेनं हळूच ठोकलं, कव्हर सुटलं. आतल्या भोकांमध्ये स्वच्छ फडकं कोंबलं, म्हणजे कचरा आत पडणार नाही.

मग जाड थर बोटांनी ओढून काढला. उरलेल्यावर थोडं पेट्रोल लावून वाट पाहिली. पेट्रोलनं सिलिकॉन विरघळत नाही, फुगतं आणि सैल होतं. नंतर प्लॅस्टिकची पट्टी आणि बांबूची चपटी काडी यांनी खरवडलं. लोखंडी ब्लेड का नाही? ॲल्युमिनियम मऊ असतं. एक खोल चरा पडला की तिथूनच पुन्हा तेल झिरपणार. पॉलिश पेपर किंवा मशीनची घासणी तर मुळीच नको, कारण तिची बारीक पूड आत गेली की बेअरिंग खराब होतात. आणि हो, आपली तारेची घासणी, कॉस्टिक सोडा, नाली साफ करायची पावडर, यातलं काहीही नको. सोडा ॲल्युमिनियम खातो.

शेवटी कोरड्या फडक्यानं पुसून काकांनी कडेवरून नख फिरवलं. कुठेही अडकायला नको. या कव्हरला मुळात कागदी पॅकिंगच असतं, असं म्हणून त्यांनी नवं पॅकिंगच टाकलं. सिलिकॉन लागलंच नाही!

जिथे ते लागतंच, तिथे बारीक, सलग रेघ पुरते, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळायचा, मगच ऑइल भरायचं. पुष्कळ ट्यूबना पूर्ण घट्ट व्हायला 24 तास लागतात. आपल्या विदर्भातल्या उन्हाळ्यासारखी कोरडी हवा असेल तर जास्तच थांबायचं.

घरी कुणी हे काम करत असेल तर एवढं नक्की पाहा. पेट्रोल आणि थिनर उघड्या जागी वापरायचं, गॅसजवळ किंवा देवाच्या दिव्याजवळ नाही. हातात मोजे हवेत, लेकरं लांब हवीत. पेट्रोलचे बोळे घरातल्या डब्यात टाकू नयेत. काढलेलं ऑइल नालीत ओतू नये, जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्यावं.

आणि गॅरेजमध्ये गेलात तर नुसतं "किती झाले?" विचारून येऊ नका. "जुनं सिलिकॉन पूर्ण काढलं का? पॅकिंग नवं टाकलं का? जाळी पाहिली का?" हे तीन प्रश्न विचारा. उघडलेलं कव्हर दाखवायला सांगा. चांगला मिस्त्री रागावत नाही, उलट आनंदानं दाखवतो. उमरेडच्या ताई आता हेच करतात. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "गाडीखालचा पुठ्ठा काढून टाकला हो ताई." पेशंटची ने-आण अजून त्याच गाडीवर सुरू आहे.