सावड कुणाची, शेत कुणाचे?

सावड हा शब्द आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. एकाच्या शेतात काम निघाले, की शेजारपाजारचे बैल-औते घेऊन येतात. आज माझे, उद्या तुझे. संगणकाच्या जगातही अशी एक सावड चालते. तिला ओपन सोर्स, म्हणजे खुले सॉफ्टवेअर म्हणतात. या सावडीत आता बड्या कंपन्याही उतरल्या आहेत. त्यांचे येणे हिताचे की घाताचे, याविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी खुले म्हणजे काय, ते पाहू. संगणक ज्या आज्ञांप्रमाणे चालतो, ती आज्ञावली माणसेच लिहितात. पुष्कळ कंपन्या ती कुलुपात ठेवतात. आपल्याला तयार लाडू मिळतो, त्याची कृती मिळत नाही. खुल्या सॉफ्टवेअरची कृती मात्र कुणालाही वाचता येते, बदलता येते आणि दुसऱ्याला देताही येते. तसा परवानाच सोबत लिहून दिलेला असतो. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते अशा परवान्याखाली आणले. आज लिनक्सचे बरेचसे काम इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी लोक करतात.

तुम्ही विचाराल, सगळ्यांच्या कामासाठी एकटी कंपनी पगार का देते? धर्मादाय म्हणून नव्हे बरं का! तिची स्वतःची यंत्रे त्याच आज्ञावलीवर चालतात. ज्या पाटाचे पाणी आपल्याच उसाला येते, तो पाट साफ ठेवण्यात शहाणपण असते.

मग अडचण कुठे येते? एक उदाहरण घेऊ. जर्मनीतील स्टारडिव्हिजन कंपनीचे स्टारऑफिस नावाचे सॉफ्टवेअर होते. पत्रे लिहावीत, हिशेबाचे तक्ते करावेत, असे ते काम. १९९९ साली अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली आणि २००० साली आज्ञावली खुली केली. त्यातून ओपनऑफिस उभे राहिले. सनने पगारी माणसे लावली, देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी भाषांतरे केली, चुका शोधल्या. पण नावाची मालकी सनची होती, आणि कुणी काही भर घातली तर तिचे हक्क सनलाही लिहून द्यावे लागत. सावड सगळ्यांची, सातबारा एकाचा!

२०१० च्या जानेवारीत ओरॅकल कंपनीने सनच विकत घेतली. नवा मालक काय करील, याची धास्ती कार्यकर्त्यांना वाटू लागली. सप्टेंबरात त्यांनी डॉक्युमेंट फाउंडेशन ही वेगळी संस्था जाहीर केली. ओरॅकललाही बोलावणे धाडले, ओपनऑफिस हे नाव मागितले. नाव काही मिळाले नाही. पण परवाना खुला होता, त्यामुळे आज्ञावली नेण्यास कुणाची आडकाठी नव्हती. लिबरऑफिस या नव्या नावाने काम पुढे चालू राहिले. २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाची फाउंडेशनच्या हवाली केले. तोवर बरीच मंडळी नव्या घरी रुळली होती. ही नवी संस्था २०१२ साली बर्लिन येथे रीतसर नोंदली गेली. कंपन्या तिथेही काम करतात. मात्र कारभारी मंडळ सभासद निवडतात, आणि एकाच कंपनीची माणसे मंडळात मर्यादेबाहेर नसावीत असा नियम आहे. आपल्या सहकारी सोसायटीत एकाच घरचे सगळे पंच नकोत, तसेच हे.

कंपन्या दूर राहिल्या तरी धोका असतोच. इंटरनेटवरील असंख्य व्यवहारांना कुलूप घालणारे ओपनएसएसएल हे असेच खुले सॉफ्टवेअर. मोठमोठ्या कंपन्या ते वापरीत, पण सांभाळायला होती मूठभर माणसे. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ नावाची मोठी चूक उघडकीस आली, तेव्हा कुठे कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभा केला.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, लिबरऑफिस शाळेच्या संगणकावर विनामूल्य घालता येते आणि त्यात मराठीही लिहिता येते. पण कोणतेही खुले सॉफ्टवेअर शाळेत आणण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. परवाना कोणता? नाव आणि हक्क कुणाच्या हाती? आणि काम करणारे हात किती ठिकाणचे? कंपनी आली म्हणून बिचकू नका आणि भुलूही नका. तिच्या बैलांचे स्वागत करा, फक्त सातबारा एकाच्या नावे होऊ देऊ नका, एवढे सांगून आपली रजा घेतो.