घड्याळापलीकडची रुग्णसेवा

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आप्तांपैकी कुणावर इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जाण्याची वेळ आली, तर तेथे तपासणारी व्यक्ती डॉक्टरच असेल असे नाही. अनुभवी परिचारिका, पॅरामेडिक किंवा फिजिओथेरपिस्ट पदव्युत्तर स्तराचे शिक्षण घेऊन तेथे रुग्ण तपासतात, निदान करतात आणि उपचारही ठरवतात. त्यांना ‘अ‍ॅडव्हान्स्ड क्लिनिकल प्रॅक्टिशनर’ म्हणतात. २०१७ मध्ये त्यांच्या कार्याची राष्ट्रीय चौकट आखली गेली. रुग्णसेवा, नेतृत्व, अध्यापन आणि संशोधन हे तिचे चार आधारस्तंभ होत.

त्यांच्या सेवेचा दर्जा मोजावा कशाने? सर्वांत सोपे माप घड्याळाचे. रुग्ण आल्यापासून चार तासांत त्याला दाखल करावे, अन्यत्र हलवावे वा घरी पाठवावे, असा तेथील दंडक आहे. २०११ मध्ये त्याला आणखी निकषांची जोड मिळाली : तपासणीविनाच निघून गेलेले रुग्ण किती, आणि सात दिवसांच्या आत अनपेक्षितपणे परतलेले किती.

परंतु वेग म्हणजे गुणवत्ता नव्हे. पडल्यामुळे मनगट दुखावलेला तरुण पाहा. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या लहानशा हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसतच नाही. ‘काही नाही’ म्हणून त्याला तासाभरात घरी धाडले, तर घड्याळाचा हिशेब चोख राहतो. पण हाड न जुळल्यास मनगट कायमचे दुखरे होते. हात आधारपट्टीत ठेवून दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावणारा प्रॅक्टिशनर अधिक वेळ घेतो, तरी सेवा त्याचीच खरी. म्हणूनच अशी ठरवून दिलेली फेरभेट अपयशात मोजायची नसते. उलट, तोच रुग्ण दुखणे घेऊन दुसऱ्या इस्पितळात गेला, तर पहिल्याच्या नोंदवहीत ती चूक उमटतच नाही.

तुलनाही न्याय्य हवी. एकाच्या वाट्याला किरकोळ जखमा आणि दुसऱ्याच्या वाट्याला छातीत दुखणारे वृद्ध आले, तर दोघांचे आकडे शेजारी मांडून काय कळणार?

आवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये यासाठी तिहेरी कसोटी सुचवली : साधने व प्रशिक्षण कसे, प्रत्यक्ष काम कसे झाले, आणि रुग्णाचे अखेर काय झाले. तिन्ही एकत्र पाहिल्याशिवाय ताळेबंद पुरा होत नाही. रुग्णाच्या कुटुंबानेही घरी निघण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : कोणती लक्षणे दिसल्यास तत्काळ परत यावे? त्याचे स्पष्ट उत्तर मिळणे, हाही उत्तम सेवेचाच भाग आहे.