सनदेनंतरची तीन वर्षे

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून कायद्याकडे वळणारी मुले-मुली एका साच्यातली नसतात. पश्चिमेला आहुपे, तळेघर भागात महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे भातशेती आणि हिरड्यावर जगतात. पूर्वेला नारायणगाव, ओतूर, मंचर पट्ट्यात कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस, कांदा, टोमॅटो पिकतो. एकाच्या घरात पदवीपर्यंत पोचलेले हे पहिलेच माणूस असते, दुसऱ्याच्या चुलत्याचा तहसील कचेरीत रोजचा राबता असतो.

कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश तसा सोपा आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम घेता येतो. दोन्हींसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा असते आणि ती मराठीतही देता येते. अडते ते कागदावर. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि महादेव कोळी असल्याचा दावा तपासणी समितीपुढे पुराव्यानिशी मांडावा लागतो. आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले आणि जुन्या महसुली नोंदी निकालानंतर शोधायला घेतल्या, तर वर्ष हातचे जाते. वैधतेचा अर्ज बारावीच्या आधीच केलेला बरा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय घोडेगावातच आहे.

पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी होते. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ मधल्या मर्यादेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घ्यायला मनाई केली. ही मर्यादा सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये आहे. शिवाय अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते.

खरी कसोटी इथून पुढे. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली ज्युनिअरशिप करताना तारखा घेणे, नकला काढणे, दावे-कैफियती लिहिणे शिकता येते. पैसे मात्र जेमतेम मिळतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रामीण भागातल्या ज्युनिअरला दरमहा किमान १५ हजार रुपये द्यावेत, असे सुचवले. ते बंधनकारक नाही, त्यामुळे सारे ज्येष्ठांच्या मर्जीवर राहते. न्यायाधीश व्हायचे तरी याच काळातून जावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. घरून पैसे येणाऱ्याला हा उमेदवारीचा काळ वाटतो. शेतमजुराच्या मुलीला तो परवडत नाही. विद्यावेतनाची गरज कॉलेजच्या वर्षांइतकीच, किंबहुना जास्त, इथे आहे.

या मुलांकडे एक भांडवल मात्र असते आणि ते पुण्यातल्या मोठ्या ऑफिसात सहसा सापडत नाही. सातबारा, फेरफार, वारसनोंद त्यांना घरातूनच ठाऊक असतात. आदिवासींच्या जमिनी बिगर आदिवासींकडे जाण्यावर जमीन महसूल संहितेच्या ३६ आणि ३६-अ या कलमांनी निर्बंध आहेत. भीमाशंकर अभयारण्यालगतच्या गावांत २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे आणि पुढे जिल्हा समितीकडे जातात. यातले बरेच काम दिवाणी कोर्टात नव्हे, तर प्रांत आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालते. कायद्याच्या वर्गात त्याला फारसे कोणी विचारत नाही. तालुका कोर्टाची भाषा मराठी असल्याने पक्षकाराचे म्हणणे नेमके मांडणाऱ्याला तिथे वजन येते. उच्च न्यायालयात जायचे तर इंग्रजीची तयारी कॉलेजातच करायला हवी.

नव्या वकिलाला कामाची आणखी एक वाट मोफत विधी सेवेतून दिसते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे वकील विधी सेवा संस्थांच्या पॅनेलमधून नेमले जातात. त्या पॅनेलवर नाव येण्यासाठीही सर्वसाधारणपणे तीन वर्षांची वकिली झालेली असावी लागते.