बाराव्या वर्षी पाण्याबाहेर

"बाई, आता मोठी झाली ती. पुरे झालं पाण्यात जाणं."

शाळेत खेळ शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली. हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय, की मुलगी सातवीत गेली की आता हिची आई येणार, याची मी वाटच बघायला लागते. आई भांडायला येत नाही. चहा घेते, पोरीच्या अभ्यासाची चौकशी करते आणि निघताना चपला घालता घालता हे सांगून जाते. दुसऱ्या दिवसापासून मुलगी पोहायला विहिरीवर येत नाही. तिचा धाकटा भाऊ मात्र येतो.

म्हणूनच मला रुपाली रेपाळेबद्दल लिहायचं आहे. मुंबईची ही मराठी मुलगी १९९४ साली इंग्लिश खाडी पोहून गेली. सोळा तासांहून अधिक वेळ ती पाण्यात होती आणि तिचं वय होतं बारा. पुढे ती जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत उतरली, भारत आणि श्रीलंका यांच्यामधली पाल्कची सामुद्रधुनी पोहली, दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटाच्या समुद्रातही पोहली. नेल्सन मंडेलांना अठरा वर्षं डांबून ठेवलं होतं, तेच हे बेट. आमच्या भागात ज्या वयात मुलीचा पाण्याशी संबंध तुटतो, नेमक्या त्या वयात हिची कारकीर्द सुरू झाली. मला जे म्हणायचं आहे ते एवढ्यातच आलं. पण नुसतं 'ती पोहली' म्हटल्याने त्यामागे काय काय असतं ते कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी आमच्याकडचं पोहणं. आमचं लोणंद म्हटलं की लोकांना कांद्याचा बाजार आठवतो आणि माउलींच्या पालखीचा मुक्काम. पाण्याचं नाव कुणी काढत नाही. पण भाटघर आणि वीर धरणांचं पाणी घेऊन नीरा उजवा कालवा आमच्याच भागातून फलटणकडे जातो आणि शिवारात विहिरी आहेत. पोहणं शिकायचं ते विहिरीत. पूर्वी पाठीला वाळलेले भोपळे नाहीतर पत्र्याचा बंद डबा बांधत, आता प्लॅस्टिकचा कॅन असतो. कमरेला दोर आणि दोराचं टोक काठावरच्या चुलत्याच्या हातात. पहिले दोन दिवस पोर नुसते पाय झाडतं आणि पाणी पितं. मग चुलता कॅनमध्ये थोडं पाणी भरतो. कॅनचा आधार तेवढा कमी होतो, पोराला कळतही नाही. दर दिवशी थोडं थोडं पाणी वाढत जातं. एके दिवशी कॅन जवळजवळ भरलेला असतो, दोर सैल असतो आणि पोर आपल्या जोरावर या काठाचं त्या काठाला गेलेलं असतं. मलाही आमच्या नानांनी असंच शिकवलं. मी मुलींना शिकवते तेही असंच, विहिरीतच. कालव्यात मी कुणाला उतरू देत नाही. सिंचनाची पाळी सुटलेली असताना कालव्याचं पाणी वरून संथ दिसतं, पण आतून ओढ जबर असते. काँक्रीटच्या उतारावर हाताला धरायला काही सापडत नाही आणि चांगला पोहणाराही वाहून जातो.

आता इंग्लिश खाडी. इंग्लंडच्या डोव्हरपासून फ्रान्सच्या ग्री-ने भूशिरापर्यंत सरळ रेघ ओढली तर अंतर साधारण ३३ किलोमीटर भरतं. पण सरळ रेघेत कुणालाच पोहता येत नाही. भरती-ओहोटीचा प्रवाह पोहणाऱ्याला आधी एका बाजूला नेतो आणि काही तासांनी दुसऱ्या बाजूला. नकाशावर त्या वाटेची नागमोडी रेघ उमटते आणि प्रत्यक्षात पोहलेलं अंतर कितीतरी वाढतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा प्रवाह फार जोरात असतो, म्हणून बहुतेक जण भांगेची भरती असलेले दिवस निवडतात. ऐन उन्हाळ्यातसुद्धा तिथलं पाणी १५ ते १८ अंशांच्या आसपास असतं. आपल्याकडे पौषातल्या पहाटे विहिरीत उतरलं तर पाणी कोमट लागतं, वर वाफा दिसतात. तेव्हा महाराष्ट्रातल्या मुलीला अशा गारठ्याची सवय घरबसल्या होणं कठीणच. खाडीत उतरण्याची परवानगी हवी असेल, तर १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावं लागतं.

नियमही कडक आहेत. अंगात पोहण्याचा साधा पोशाख, डोक्याला टोपी, डोळ्यांना चष्मा, एवढंच चालतं. ऊब देणारा रबरी पोशाख चालत नाही. काखेत, मानेला, मांड्यांना खाऱ्या पाण्याने कातडी सोलवटते, म्हणून तिथे चरबीचा किंवा व्हॅसलीनचा जाड थर चोपडायला मुभा आहे. शेजारून होडी चालते. तिच्यावर नावाडी, प्रशिक्षक आणि या पोहण्यावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा निरीक्षक असतो. होडीला हात लावायचा नाही आणि होडीवरच्या कुणी तुम्हाला हात लावायचा नाही. लागला, की तिथेच संपलं. खाणंपिणं काठीच्या टोकाला किंवा दोरीला बांधून पाण्यात सोडतात, ते उभ्याने पाय मारत मारत घ्यायचं. बहुतेक वेळा ते गरम, गोड, पातळ असं काहीतरी असतं, कारण खाऱ्या पाण्याने जीभ सुजते आणि चावणं नकोसं होतं. मिनिटाला साठ हात धरले, तर सोळा तासांत सत्तावन्न हजारांहून अधिक वेळा हात फिरवावा लागतो. होडीवरचा माणूस हे हात मोजत असतो. संख्या घसरायला लागली की तो पोहणारीला एखादा साधा प्रश्न विचारतो, नाव काय, घर कुठे. उत्तर चुकलं किंवा जीभ अडखळली, तर थंडी डोक्यापर्यंत पोहोचली असं समजून तिला वर काढतात. बारा वर्षांच्या मुलीने हे सगळं सोसलं!

रुपालीच्या आधी भारतातल्या एका मुलीने ही वाट पाडून ठेवली होती. कोलकात्याची आरती साहा. तिची गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण ती घाटावरच्या अंघोळीतून सुरू होते. आई लवकर गेली, आजीने वाढवलं. चार वर्षांची असताना काकांबरोबर चांपातला घाटावर अंघोळीला जायची, तिथेच पोहायला शिकली. तिला हाटखोला क्लबात घातलं, तिथे सचिन नाग यांची नजर तिच्यावर पडली. १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलेले हे सचिन नाग. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला भारताच्या चमूत आरती होती. तेव्हा तिला बारावं वर्षही पूर्ण व्हायचं होतं. तिच्या घरच्यांनी 'मोठी झाली' म्हणून तिला त्याच सुमारास घरी बसवलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

इंग्लिश खाडीसाठी तिने सराव केला तो कोलकात्यातल्या देशबंधू पार्कच्या तळ्यात. आधी आठ तास सलग, पुढे सोळा तास. समुद्र नाही, थंड पाणी नाही, लाट नाही. पैशांची तर ओढाताणच होती. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी ११,००० रुपये मंजूर केले, पंतप्रधान नेहरूंनीही लक्ष घातलं. २७ ऑगस्ट १९५९ ला ती फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघाली, पण वाट दाखवणारी होडीच उशिरा आली. अनुकूल प्रवाहाची वेळ हातची गेली. इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर आला असताना समोरून प्रवाह उलटला आणि तिला तासन्‌तास जागचं फारसं हलता येईना. शेवटी तिला वर काढलं.

पोरीची जिद्द अशी, की ती भारतात परतली नाही. महिन्याभराने, २९ सप्टेंबरला पुन्हा उतरली. १६ तास २० मिनिटांनी इंग्लंडच्या सँडगेट किनाऱ्यावर चालत गेली. इंग्लिश खाडी पोहणारी ती आशियातली पहिली स्त्री. तेव्हा ती अवघी एकोणीस वर्षांची होती. १९६० साली तिला पद्मश्री मिळाली, हा मान मिळवणारी ती देशातली पहिली महिला खेळाडू. ऑगस्ट १९९४ मध्ये कोलकात्यात तिचं काविळीने निधन झालं. रुपाली खाडी पोहली तेच हे वर्ष.

मधल्या काळात मुंबईच्याच अनिता सूद १९८७ साली ८ तास १५ मिनिटांत पार झाल्या. आरतीला लागला त्याच्या जवळपास निम्मा वेळ. प्रवाह, दिशा आणि हवा दर वेळी वेगळी असते, म्हणून नुसत्या वेळेवरून कोण श्रेष्ठ हे ठरवू नये. पण आशियाई पोहणाऱ्यांत हा वेग तेव्हा कुणाचाच नव्हता, पुरुषांचाही नाही.

पुरुषांचा विषय निघालाच आहे तर सांगते. इंग्लिश खाडी पोहणारी जगातली पहिली स्त्री, अमेरिकेची गर्ट्रूड एडर्ले, १९२६ मध्ये साडेचौदा तासांत पार झाली. तिच्याआधी फक्त पाच पुरुष पोहले होते आणि त्यांच्यातल्या सर्वांत वेगवान पुरुषापेक्षाही तिला जवळजवळ दोन तास कमी लागले. स्त्रीच्या अंगात कातडीखालची चरबी थोडी जास्त असते. ती पाण्यात तरंगायला मदत करते आणि थंडी रोखते. शंभर मीटरच्या शर्यतीत पुरुष बराच पुढे असतो, पण अंतर आणि गारठा वाढत जातो तसा हा फरक कमी होतो. लांब पल्ल्याचं पोहणं बाईमाणसाच्या देहाला झेपणारं आहे, हे विज्ञानाच्या बाईंनी मुलींना वर्गात सांगावं, अशी माझी इच्छा आहे.

मग मुली सातवीत का थांबतात? आया मला जे पूर्ण बोलत नाहीत ते मी इथे लिहिते. पाळी सुरू होते. ओल्या कपड्यात अंग दिसतं. विहिरीवर कपडे बदलायला आडोसा नसतो. गावातली पोरं काठावर येऊन बसतात. यातलं एकही कारण खोटं नाही, त्यामुळे मी आयांना दोष देत नाही. पण यातल्या प्रत्येकावर उपाय आहे, आणि तो काही लाखांचा नाही. दोन चादरींचा आडोसा, गुडघ्यापर्यंतचा काळा पोशाख, मुलींसाठी सकाळचा राखीव तास आणि त्या वेळेत काठावर दोन बायका. पाळीच्या दिवसांत जिला नको वाटेल तिने येऊ नये, जिला यायचं आहे तिला अडवू नये. आषाढ वारीच्या वाटेवर माउलींच्या पादुकांना नीरा स्नान होतं, तेव्हा नदीत हजारो बायका लुगड्यासकट उतरतात. कुणी त्यांच्याकडे वळून बघत नाही. म्हणजे बायांनी पाण्यात उतरण्याची आम्हाला सवय नाही, असं मुळीच नाही.

बारा वर्षांच्या प्रत्येक मुलीने खाडी पोहावी, असं मी म्हणणार नाही. नंतर खाडीसाठी सोळा वर्षांची किमान अट आली आणि ती योग्यच आहे. वाढत्या मुलाला गारठा लवकर धरतो. मुद्दा एवढाच, की सोळाव्या वर्षी खाडीत उतरायचं तर बाराव्या वर्षी पाण्यात असावं लागतं. मुंबईच्या जिया रायचं बघा. तिला स्वमग्नता आहे. मार्च २०२२ मध्ये, तेराव्या वर्षी ती पाल्कची सामुद्रधुनी पोहली. जुलै २०२४ मध्ये, सोळाव्या वर्षी इंग्लिश खाडीसुद्धा, १७ तास २५ मिनिटांत. मधल्या सव्वादोन वर्षांत ती पाण्याबाहेर बसली असती तर?

त्याच २०२४ सालच्या उन्हाळ्यात नाशिकच्या तन्वी चव्हाण-देवरे यांनी १७ तास ४२ मिनिटांत खाडी पार केली. त्या जुळ्या मुलांच्या आई आहेत. लग्नानंतर, बाळंतपणानंतर पुन्हा पाण्यात उतरलेली बाई, हे उदाहरण मला आयांना सांगायला फार उपयोगी पडतं. कारण 'मोठी झाली' म्हणणारी आई स्वतः बहुतेक वेळा पोहणारी असते. माहेरच्या विहिरीत तिने सूर मारलेले असतात, तळाची माती मुठीत वर आणून दाखवलेली असते. विचारलं की ती लाजते, पण सांगते.

असं मी एकीला विचारलं. ती म्हणाली, "बाई, मुटका मारला तर माझं पाणी विहिरीच्या काठावर उडायचं." मग म्हटलं, "तर मग ये की पोरीबरोबर. तुझ्यासमोर पोहू दे तिला." ती साडीवर काठावर येऊन बसायला लागली आणि दोर तिने आपल्याच हातात घेतला. त्या वर्षी त्या मुलीचं पोहणं थांबलं नाही. हळूहळू शेजारच्या दोघी-तिघी आपापल्या मुलींना घेऊन आल्या.

लांब पल्ल्याची खरी चव समुद्रातच कळते आणि त्यासाठी लगेच इंग्लंडला जायची गरज नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात समुद्री जलतरणाची स्पर्धा भरते, लहान वयाच्या मुलामुलींसाठी तिथे कमी अंतराचे गट असतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे धरमतरच्या खाडीतून मुंबईच्या गेटवेपर्यंतचं पोहणं, सुमारे ३५ किलोमीटर. इंग्लिश खाडीची तयारी करणारे कितीतरी जण आधी हे अंतर पोहून बघतात. आमच्याकडून मालवणला मुलगे जातात. या वेळी आठवीतल्या दोघींची नावं द्यायची आहेत. त्यांच्या आयांनी होकार दिलाय, एकीच्या वडिलांचा अजून यायचाय. त्यांना समुद्रातल्या जेलीफिशची काळजी वाटते. डंख झाला तर काय करायचं, हे त्यांनी मला विचारलंय. मुलगी मोठी झाली, हा शब्द त्यांनी काढला नाही.