विक्रीनंतरचें सॉफ्टवेअर

सुताराकडून आपण टेबल करून घेतलें व त्याचे पैसे चुकते केले, म्हणजे तो व्यवहार संपतो. सॉफ्टवेअर ही वरवर पाहतां तशीच एक वस्तु. किंबहुना टेबलाहूनहि टिकाऊ. संगणकानें काय करावें हें सांगणाऱ्या आज्ञांचा तो एक लेख आहे. त्यास वाळवी लागत नाहीं, गंज चढत नाहीं, आणि लक्ष वेळां वापरला तरी त्याचें एक अक्षरहि झिजत नाहीं. असें असतां विकणारा दरवर्षीं पुन्हां पैसे कशाचे मागतो, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो. मागणाऱ्यास लुबाडणारा ठरवून मोकळें होण्यापूर्वीं या प्रश्नाचा थोडा शांतपणें विचार करूं.

प्रारंभींच्या काळीं सॉफ्टवेअर बहुधा यंत्राबरोबरच मिळे. १९६९ सालच्या जून महिन्यांत आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीनें कांहीं सॉफ्टवेअर, शिक्षण व तज्ज्ञांची मदत यांचें मोल यंत्राच्या किंमतीपासून वेगळें करण्याचें जाहीर केलें, आणि सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र व्यापारास मोठी चालना मिळाली. या यादींत माणसांची मदतहि होती, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. गिऱ्हाईक जें विकत घेतें तो केवळ आज्ञांचा लेख नसतो. तो लेख चालता ठेवणारीं माणसें त्यांत असतात.

लेख झिजत नसला तरी ज्या जगांत तो चालावयाचा तें जग बदलतें. आपल्याच देशांतील उदाहरण घ्या. १ जुलै २०१७ रोजीं भारतांत वस्तु व सेवा कर लागू झाला, आणि मूल्यवर्धित कर, सेवाकर असे अनेक जुने कर त्यांत विलीन झाले. राज्यांतल्या राज्यांत विक्री झाली तर केंद्राचा व राज्याचा असा दुहेरी कर, आणि माल परराज्यांत गेला तर एकच एकात्मिक कर, अशी नवी व्यवस्था आली. आदल्या रात्रीपर्यंत जें हिशेबाचें सॉफ्टवेअर निर्दोष होतें, तें दुसऱ्या दिवशीं सकाळीं बिल करण्यास अपुरें ठरलें. ज्याच्या मागें सांभाळणारीं माणसें होतीं तें सुधारून घेतां आलें. ज्याचा कर्ता धंदा सोडून गेला होता, त्याच्या गिऱ्हाइकास दुसरें शोधण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

दुसरें कारण चोरांचें. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाचा उपद्रव जगभर पसरला. तो संगणकांतील कागदपत्रें कुलुपबंद करून खंडणी मागे. इंग्लंडांतील कांहीं सरकारी रुग्णालयांस ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. विंडोज प्रणालींतील ज्या भगदाडांतून तो शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ मार्च रोजींच प्रसिद्ध केली होती. पुष्कळांनीं ती बसविली नव्हती. विंडोज एक्स. पी. या जुन्या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल तर ८ एप्रिल २०१४ रोजींच थांबली होती; तिच्यासाठीं सर्वांना खुली अशी दुरुस्ती हल्ला झाल्यावर अपवाद म्हणून देण्यांत आली. तात्पर्य, देखभाल ही दोघांची जबाबदारी आहे. कर्त्यानें दुरुस्ती द्यावी आणि वापरणाऱ्यानें ती वेळेवर बसवावी.

आतां विकणाऱ्यांविषयीं. 'एकदांच पैसे द्या, जन्मभर सेवा घ्या' हें वचन गोड असतें, पण त्याचें गणित जुळत नाहीं. जुन्या गिऱ्हाइकांची संख्या दरसाल वाढते, त्यांच्या अडचणी वाढतात, आणि पैसा मात्र नव्या गिऱ्हाइकांकडूनच येतो. नवीं गिऱ्हाइकें आटलीं कीं सेवाहि आटते. म्हणून किंमत ठरवितांना पुढील देखभालीचा खर्च प्रथम धरावा आणि तो उघड सांगावा. प्रत्येक नवी सोय ही पुढें कायम सांभाळावयाची वस्तु आहे, हें जाणून सोयी बेतानें वाढवाव्या. गिऱ्हाइकांच्या तक्रारी कर्त्यानें स्वतः ऐकाव्या. एकच शंका दहाजण विचारीत असतील तर ते दहाजण मंदबुद्धि नव्हेत. पडद्यावरील मांडणींतच कांहीं खोट आहे. उत्तरें देणारीं माणसें वाढविण्याआधीं ती मांडणी सुधारावी.

घेणाऱ्यानेंहि डोळे उघडे ठेवावे. युनिकोड ही सामायिक संकेतपद्धति रूढ होण्यापूर्वीं मराठी अक्षरजुळणीच्या निरनिराळ्या सॉफ्टवेअरांचे संकेत निरनिराळे असत. एकांत टंकलेला मजकूर दुसऱ्यांत उघडला कीं अक्षरांच्या जागीं निरर्थक चिन्हें दिसत. ज्या छापखान्याचें जुनें सॉफ्टवेअर बंद पडलें, त्यास स्वतःचाच मजकूर वाचण्यासाठीं रूपांतराची खटपट करावी लागे. वार्षिक वर्गणीच्या सॉफ्टवेअरांतहि हाच धोका निराळ्या रूपानें असतो: वर्गणी थांबली तर आपली खातेवही आपणांस उघडतां येईल काय?

म्हणून पैसे देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. कायदा बदलला तर सुधारणा कोण करील, आणि किती खर्चांत? अडचण आली तर फोनवर कोण भेटेल? आणि आपली सर्व माहिती, दुसऱ्या सॉफ्टवेअरांत वाचतां येईल अशा स्वरूपांत, केव्हांहि बाहेर काढतां येईल काय? या प्रश्नांचीं सरळ उत्तरें देणाऱ्यास दरवर्षीं वाजवी मोल देण्यांत नुकसान नाहीं. जो उत्तरें टाळतो, त्याचें सॉफ्टवेअर फुकट मिळालें तरी महाग पडण्याचा संभव आहे.