घरातही न उतरणारा मुखवटा

आज आम्ही तुम्हाला लांबच्या घरांतली गोष्ट सांगणार आहोत. अमेरिकेत मेक्सिको, ग्वातेमाला, कोलंबिया अशा देशांतून आलेली लाखो कुटुंबं राहतात. त्यांना लॅटिनो म्हणतात. पुष्कळांच्या घरी स्पॅनिश चालते, शाळेत आणि कामावर इंग्रजी.

त्यांच्यातल्या काही तरुण मुलामुलींना ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असते. हा संसर्गाचा रोग नव्हे. मेंदूची घडणच वेगळी असते. अनेकांना गोंगाट, गर्दी, स्पर्श सोसवत नाही. नजरेला नजर देणं, गप्पांत सामील होणं जड जातं. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून ती हे सगळं दाबतात. दुसऱ्यांचं बघून हसतात, बोलायची वाक्यं आधी पाठ करतात. याला मास्किंग म्हणतात, म्हणजे मुखवटा चढवणं.

यात संस्कृतीचा काय संबंध? लॅटिनो घरांत तीन गोष्टी फार मानतात. फामिलिस्मो, म्हणजे आधी कुटुंब, मग मी. रेस्पेतो, म्हणजे थोरामोठ्यांचा मान. सिम्पातिया, म्हणजे सगळ्यांशी हसून-खेळून वागणं. संस्कार चांगलेच, अडीअडचणीला हीच माणसं धावून येतात. पण पाहुणे आले की प्रत्येकाला गालाला गाल लावून भेटायचं. न भेटता खोलीत गेलं तर मूल उद्धट ठरतं आणि बोल आईला लागतो. मोठी माणसं रागावली की घरी नजर खाली ठेवायची. शाळेत मात्र शिक्षक म्हणणार, माझ्याकडे बघून बोल. म्हणजे घरचा मुखवटा निराळा, बाहेरचा निराळा, तोही दोन भाषांत. मुखवटा काढून टेकायला जागाच उरत नाही.

असं वर्षानुवर्षं चाललं की माणूस पार गळून जातं. याला ऑटिझममधला बर्नआउट म्हणतात. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या प्रौढांनीच त्याचं वर्णन केलं आहे: महिनोन्‌महिने न उतरणारा थकवा, येत असलेली कामंही न जमणं, आवाज-उजेड जास्तच टोचणं. घरच्यांना वाटतं, आळशी झाली. मग सल्ला मिळतो, ‘आग्वान्ता’, म्हणजे सोस. पण सोसून सोसूनच तर ती थकलेली असते.

उपाय काय? त्या अभ्यासात लोकांनी सांगितलं: आहे तसं स्वीकारा, अपेक्षांचं ओझं कमी करा, विश्रांती द्या, मुखवटा उतरवू द्या. त्यासाठी कुटुंब सोडायला नको. गालाऐवजी हात हलवून केलेला नमस्कार चालवून घ्यावा. समारंभात एक शांत खोली मोकळी ठेवावी. आजीला आईनंच समजवावं, ‘ती तुमचा अपमान करत नाही, तिला आवाज सोसत नाही.’ आजीनं एकदा मानलं की बाकीचे आपोआप मानतात.

मैत्रिणींनो, पाया पड, चारचौघांत नीट वाग, हे आपणही मुलांना सांगतोच. आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमची नोंद आहे. पण घरातलं मूल पाहुणे गेल्यावर गप्प पडून राहत असेल, तर ते कायद्याला दिसणार नाही. ते आपल्यालाच दिसायला हवं. त्याला रागावण्याआधी एकदा जवळ बसून विचारा, ‘दमलास का रे?’